पेजेचा वाटा

मेलमध्ये लिहिलं होतं की खेळाच्या शेवटी येणाऱ्या नामावलीत प्रत्येक सहयोगी स्टुडिओची वीसच नावं जातील, आणि यादी आज संध्याकाळी सहाच्या आत पोचली पाहिजे. संचिता सारंगने ते दोनदा वाचलं आणि हातातला चहाचा कप टेबल समजून कीबोर्डवर ठेवला. चहा सांडला नाही. पण कपाच्या बुडाखाली दबलेलं एक अक्षर पडद्यावर ओळीमागून ओळ उमटत राहिलं, आणि तिला ते थांबवायचंही सुचेना. वीस. या खेळासाठी इथे राबलेली माणसं चौतीस. खाली मेढ्याच्या रस्त्यावरून बर्फाचा टेम्पो हॉर्न वाजवत गेला, कुणीतरी कुणालातरी हाक मारली, पलीकडच्या खोलीत ओंकार नेहमीसारखा हेडफोन लावून बेसूर गुणगुणत होता. म्हणजे जगात काहीच झालेलं नव्हतं. तीन वर्षं ज्या व्हिडिओ गेमपायी या चौतीस जणांनी डोळ्यांची माती केली तो पुढच्या महिन्यात बाजारात येणार होता, आणि तो संपल्यावर पडद्यावर खालून वर सरकत जाणाऱ्या हजारो नावांत आपलंही नाव असेल, एवढी एकच गोष्ट प्रत्येकाने मनात धरून ठेवली होती. सलोनीच्या आईने तर ओरोसच्या सरकारी क्वार्टर्समध्ये शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. आता त्यातली चौदा माणसं संचितानेच गाळायची होती, आणि त्यासाठी तिच्याकडे सात तास होते.

‘काठ स्टुडिओ’ मालवणच्या मेढा भागात, एका बंद पडलेल्या लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर होता. दारांवर खोल्यांचे जुने नंबर अजून तसेच होते, त्यामुळे कामंही नंबरांनीच ओळखली जात: दोनशे एकमध्ये दगड, दोनशे दोनमध्ये होड्या आणि जाळी, दोनशे तीनमध्ये पाणी, आणि दोनशे पाचमध्ये, जिथे पूर्वी म्हणे नवी लग्न झालेली जोडपी उतरत, तिथे सलोनी आणि तिच्या हाताखालच्या चार मुली दिवसभर तो गेम खेळून त्यातल्या चुका शोधत. बाहेरच्या माणसाला हे सगळं समजावून सांगताना, या सगळ्या कामांवर देखरेख करणाऱ्या संचिताची नेहमी पंचाईत व्हायची. लोकांना वाटतं, एवढा मोठा गेम म्हणजे कुठल्यातरी थंड देशातली एक काचेची इमारत असणार आणि आत बसलेले हुशार लोक सगळं करत असणार. ती इमारत आहे. तिथे सहाशे लोकही आहेत. नायक कोण, तो का भटकतो, शेवटी मरतो की जगतो, हे ते ठरवतात. पण त्या नायकाच्या अंगावरचा कोट मनिलात शिवला जातो, त्याचा घोडा रोमानियात चालायला शिकतो, त्याच्या डोक्यावरचं धुकं क्वालालंपूरहून येतं, आणि तो वाहत येऊन ज्या किनाऱ्यावर पहिल्यांदा डोळे उघडतो तो अकरा किलोमीटरचा अख्खा किनारा, दगड, शेवाळ, होड्या, जाळी, खेकड्यांची बिळं आणि लाटेमागे उरणारा फेस यांच्यासकट, मेढ्यात दुसऱ्या मजल्यावर तयार होतो. असे बारा सहयोगी स्टुडिओ होते. संचिताने एकदा हट्टाने गेमचा पहिला तास समोर ठेवून मोजलं होतं: खेळणाऱ्याच्या नजरेला पडणाऱ्या शंभर वस्तूंपैकी त्र्याहत्तर त्या काचेच्या इमारतीबाहेर जन्माला आल्या होत्या. हा आकडा सापडला त्या दिवशी तिला इतकं भरून आलं की ती तडक गच्चीवर जाऊन उभी राहिली. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली इतकी माणसं, आणि तरी मनिलाच्या कोटावर मालवणचं पाणी उडालं की तो बरोबर भिजायला हवा तेवढाच भिजत होता. आचऱ्याच्या मावशीला हे सगळं रंगवून सांगितल्यावर ती म्हणाली होती, ‘म्हणजे कडेकडेचा काम करतंस मां तू?’ संचिता तेव्हा हसली होती.

स्टुडिओचा मालक जितेंद्र पुढचं काम मिळवायला बंगळूरला गेला होता. दहा वर्षं परदेशी कंपन्यांत काढून तो गावी परतला आणि मालवणात गेमचा स्टुडिओ काढतो म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. तेव्हापासून पुन्हा कुणी वेड्यात काढू नये याची तो फार काळजी घेई. तिने फोन केला तर त्याने पहिल्या घंटेलाच उचलला. मेल त्यानेही वाचला होता.

‘वीस म्हणजे वीस गो,’ तो म्हणाला. ‘तेंचो नियम आसा. बाराय स्टुडिओंका तोच.’

‘मगे बाकीच्या चौदा जणांनी काय केल्यानी? तीन वर्सां बसान सुपारी कातरल्यानी?’

‘माका कित्याक इचारतंस? सोडून गेलेल्यांका पयली काढ. मगे टेस्टिंगच्या चेडवांका. मगे नवे इलेले. उरतत ते बरोबर वीस.’

‘तू मोजलंस?’

‘मोजलंय.’ थोडं थांबून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘तुजा नि माजा नाव आसा त्येच्यात, तू भिया नको. आनी त्या हेलेनाक उलटसुलट काय लिवू नको. पुढचा काम तेंच्याच हातात आसा.’

फोन ठेवला आणि संचिताच्या लक्षात आलं की ‘तुजा नाव आसा’ हे ऐकताना आपल्या छातीत काहीतरी सैल झालं होतं. त्याची तिला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून राग आला. आपल्यावर रागावणं अवघड असतं, म्हणून ती हेलेनावर रागावली. हेलेना म्हणजे काचेच्या इमारतीतली ती बाई जिच्या सहीने तीन वर्षं सगळे मेल येत. चार ओळींचे, कोरडे, नेमके. हे दुरुस्त करा, ते परत पाठवा, अमुक तारखेपर्यंत. कॅमेऱ्यासमोर ती कधी आली नाही. कॉलवर तिच्या नावाचा एक करडा गोल तेवढा दिसे. सलोनी तिची हुबेहूब नक्कल करायची, आणि दोनशे दोनमधली मुलं काम उशिरा झालं की ‘हेलेनाबाय पावली नाय’ म्हणत. कुणाच्या तीन वर्षांवर चार ओळींत काट मारायची आणि खाली ‘शुभेच्छांसह’ लिहायचं, हे हेलेनाबाईलाच जमावं. संचिताने मनातल्या मनात तिला दोनतीन मालवणी शब्द ऐकवले, आणि वही उघडून चौतीस नावं लिहिली. गाळायला पेन्सिल घेतली, खोडता येते म्हणून.

ओंकारपासूनच सुरुवात करावी म्हणून तिने पेन्सिल त्याच्या नावावर टेकवली. हा इन्सुलीचा, हायवेला लागून घर, तपासणी नाक्यावर थांबलेले ट्रक मोजत मोठा झालेला. त्याने चारशे बारा दगड केले. फक्त दगड. पहिले सहा महिने तो रोज सकाळी किनाऱ्यावरून एकेक ओला दगड पिशवीतून घेऊन यायचा आणि टेबलावर ठेवून तो सुकताना बघत बसायचा. जितेंद्र तेव्हा म्हणालाही होता की याला पगार दगड बघायचा देतो काय मी? सहा महिन्यांनी ओंकारने सांगितलं की दगड वरून आधी सुकतो, पण वाळूत रुतलेल्या बाजूला ओलीची एक रेघ बराच वेळ राहते, आणि ती रेघ सरळ नसते. ती रेघ त्याने चारशे बाराही दगडांना दिली, प्रत्येकाला वेगळी. गेम खेळणारा माणूस त्या दगडांवरून धावत सुटलेला असतो; मागे कुणीतरी तलवार घेऊन लागलेलं असतं. रेघ बघायला तो थांबणार थोडाच! पण ती रेघ नसती तर त्याला इथे काहीतरी खोटं आहे असं वाटलं असतं, आणि काय खोटं आहे ते कधीच सांगता आलं नसतं. संचिताने पेन्सिल उचलून सलोनीच्या नावावर नेली. सलोनीने तर एकही वस्तू केलेली नाही, म्हणजे जितेंद्रच्या हिशेबात ती पहिल्या झटक्यात गेली. ती फक्त चालली. दोन वर्षं, रोज आठ तास, त्या अकरा किलोमीटरवरून, प्रत्येक भिंतीला खांदा घासत, प्रत्येक होडीवर चढत आणि उतरत. जिथे त्या जगाला भोक पडलेलं असे तिथे नेमका तिचा पाय पडायचा आणि ती वाळूतून आरपार समुद्राच्या खाली, जिथे काहीच बनवलेलं नाही अशा करड्या पोकळीत घसरत जायची. मग दारात येऊन तिच्या ओरोसच्या शुद्ध मराठीत सांगायची, ‘ताई, परत पडले मी.’ एकोणीसशे चौदा वेळा पडली ती. ती पडली म्हणून आता दुसरं कुणी पडणार नव्हतं, आणि ती पडली होती हे कुणाला कळणारही नव्हतं. मग चंदन. दोडामार्गचा, काजूच्या बागांत वाढलेला, समुद्राशी काडीचा संबंध नसलेला. पण वाळत घातलेलं जाळं वाऱ्यावर आधी खालून हलतं की वरून, यावर त्याने आठ महिने घालवले, आणि शेवटी केलेलं जाळं बघून दोनशे तीनमधल्या एकाने पडद्यासमोर नाक धरलं होतं. चार महिन्यांपूर्वी तो पणजीला नोकरीला गेला. रोज जाऊन येऊन आईकडे बघता येतं म्हणून गेला. त्याचं नाव सगळ्यांत आधी काढायचं होतं. साडेबारा वाजले तरी पानावर पेन्सिलीची एक रेघ उमटली नव्हती.

आणि ती उलांडी! होड्या करणाऱ्यांची नावं समोर आली तशी तिला ती आठवली आणि अशा दिवशीही हसू आलं. होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका अंगाला दोन वाशांच्या टोकाशी जो ओंडका बांधतात ती उलांडी. काचेच्या इमारतीतून आलेल्या चित्रात ती उजवीकडे होती. दोनशे दोनमधल्या सहा जणांनी चित्र समोर ठेवून, मोजमापं घेऊन, ती डावीकडे केली. एकाच्याही लक्षात आलं नाही. संचिताने तपासली, तिच्याही नाही. सलोनी तिच्यावर शंभरदा चढली, तिलाही नाही. इथे जन्मल्यापासून ज्याने त्याने ती डावीकडेच पाहिलेली, तेव्हा चित्र काही का म्हणेना, हात आपले डावीकडे गेले. तीन आठवड्यांनी मनिलाहून बोंब झाली. नायकाला होडीत चढवायचं काम तिथल्या स्टुडिओकडे होतं, त्यांनी त्याला डावीकडून चढवला होता, आणि आता तो बिचारा ओंडक्याच्या आरपार पाय घालून चढत होता. चूक मालवणची होती. सतरा होड्या नव्याने कराव्या लागणार होत्या आणि हाताशी नऊ दिवस होते. त्या दिवशी हेलेनाने मनिला आणि मालवण यांना एका कॉलवर बसवलं आणि स्वतः गप्प राहिली. मनिलाचा एक पिकल्या केसांचा माणूस बराच वेळ होडीकडे बघत होता. मग तो म्हणाला, आमच्याकडे दोन्ही बाजूंना असते. पण तुमच्या सगळ्यांचा हात एकाच बाजूला गेला, म्हणजे ती तिथेच असली पाहिजे. राहू द्या होड्या. आम्ही त्याला उजवीकडून चढवतो. आणि त्यांनी नऊ दिवसांत चढवला. त्या माणसाचं नाव संचिताला ठाऊक नव्हतं. मनिलाच्या वीसांत तो असेल का, असं मनात आलं आणि तिला पुन्हा अस्वस्थ वाटू लागलं.

वीस माणसं निवडायची एक रीत तिला ठाऊक होती, पण ती निवडण्याची नव्हतीच. देवबागला तिचा बाप शंकर सारंग रापणीचे वाटे पुकारायचा. रापण म्हणजे अर्धा समुद्र कवेत घेणारं मोठं जाळं. होडी ते पाण्यात सोडून येते आणि किनाऱ्यावर दोन बाजूंना उभी राहिलेली माणसं दोन दोर तासन् तास ओढतात. मासळी वाळूवर आली की तिचे ढीग घालायचे. मग बाबा ढिगांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे, आणि सुभद्राआत्या हातातली काठी एका ढिगाला लावून विचारायची, ‘ह्यो कोणाचो?’ बाबा न बघता एक नाव घ्यायचे. पुन्हा काठी, पुन्हा ‘ह्यो कोणाचो?’, पुन्हा नाव. कोणता ढीग मोठा, कोणत्यात सुरमई आहे, ते पुकारणाऱ्याला दिसायचं नाही, म्हणून भांडण नसायचं. संचिता लहान असताना एकदा एसटी बंद पडली होती, आणि वेळ घालवायला कंडक्टर खाकी कपड्यांतच दोराला लागला. पाच मिनिटं ओढला असेल, फार तर दहा. वाटे पुकारताना बाबांनी मधेच म्हटलं, ‘कंडक्टर.’ त्या माणसाचा चेहरा तिला अजून दिसत होता. तो नको नको म्हणत होता आणि त्याचे हात पुढे आले होते. वर्तमानपत्रात बांधलेले सात बांगडे घेऊन तो एसटीत चढला, आणि पुढच्या कट्टा गावापर्यंत सगळी गाडी वासाने त्रासली असणार.

तिने बाबांना फोन लावला. ते ओटीवर असणार, आणि फोन उचलायला त्यांना वेळ लागणार, हे धरूनच ती थांबून राहिली.

‘काय गो बाय? ह्या वेळेक?’

‘बाबा, रापणीत कधी वाटे कमी पडले काय?’

‘वाटे कशे कमी पडतले? मासो कमी पडता. वाटे काय, आपण घालू तितके.’

‘मगे मासो कमी नि माणसा जास्त झाली तर?’

‘बारीक घालूचे. कोणाक दोनच बांगडे येवंदेत, पण येवक व्हये. तुका काय म्हायत नाय? तू थंयच आसायचंस मां?’ मग त्यांनी खोकून घेतलं. ‘आज थंय रापण लागली काय तुमची?’

‘लागली म्हणा.’

‘किती माणसा?’

‘चौतीस.’

‘पेजेचो धरून?’

संचिताने वहीतली नावं पुन्हा वरपासून खाली वाचली. पलीकडून बाबा म्हणाले, ‘आयकतंस मां?’ आणि ती ‘हो, ठेवतंय’ म्हणाली. रापण ओढायला लागली की मध्येच कुणीतरी बाई पेजेचं भांडं डोक्यावर घेऊन वाळूत यायची. दोराला तिचा हात लागलेला नसायचा, पण ढिगांत एक ढीग पेजेचा असायचाच, आणि काठी त्याला लागली की बाबा नाव घ्यायचे नाहीत, नुसतं ‘पेजेचो’ म्हणायचे, कारण पेज कुणी आणली ते सगळ्यांना ठाऊक असायचं. हे ती विसरली होती. आणि नेमकं तेव्हाच खालून रोजच्यासारखी हाक आली, ‘दोनशे एक, दोनशे दोन, जेवूक येवा! मगे आमटी निवली म्हणान रडू नकात!’

लक्ष्मी. लॉजच्या जुन्या स्वयंपाकघरात गेली सहा वर्षं ती या सगळ्यांचं जेवण करत होती. नुसतं जेवण केलं असतं तरी पेजेचा वाटा तिचा होताच. पण दोन वर्षांपूर्वी तिकडून मेल आला की किनाऱ्यावरच्या बाजारात कोळणी हव्यात, आणि त्यांचे मासे कापणारे हात खरे वाटले पाहिजेत. तेव्हा चंदनने लक्ष्मीला विळी घेऊन बसवलं, तीन बाजूंनी तीन फोन लावले, आणि दोन तास तिचे हात टिपले. ‘माजे हात काय बघतास, मासो बघा!’ ती सारखी म्हणत होती. त्या दिवशीचे सगळे मासे दुपारी पोरांनीच खाल्ले. तिची ती हालचाल इथून रोमानियाला गेली, तिथून कुठे कुठे, आणि शेवटी त्या बाजारातल्या पंधराही कोळणींच्या हातांत जाऊन बसली. सगळ्या स्टुडिओंत ज्या एका गोष्टीचं तिकडून तोंड भरून कौतुक झालं होतं, ती ते हात होते. चौदा माणसं गाळायला सांगणाऱ्यांवर सकाळपासून जळफळणाऱ्या संचिताने स्वतःच्या हाताने यादी लिहिली तेव्हा एक माणूस आधीच गाळलं होतं, आणि ते गाळायला तिला पेन्सिलही लागली नव्हती. तिने मोबाइलमध्ये नंबर काढून पाहिला. तिथे लिहिलं होतं: लक्ष्मी जेवण.

सगळ्यांची पानं होईपर्यंत ती खाली कट्ट्यावर बसून राहिली. मग लक्ष्मी टोप घासायला बसली तेव्हा म्हणाली, ‘लक्ष्मी, तुजा पुरा नाव काय?’

‘कित्याक? काय चोरलंय मी?’

‘खेळात घालूचा आसा. आमची नावां येतली मां शेवटाक, त्येच्यात.’

‘मी खंय खेळ केलंय? मी जेवाण केलंय.’

संचिताने फोनवर तो बाजार उघडून तिच्यासमोर धरला. कोळीण कापत होती, बाजूला सारत होती, पाण्यात बोटं बुडवून झटकत होती. लक्ष्मीने ओल्या हातानेच फोन जवळ ओढला. तिचा उजवा अंगठा लहानपणी दारात चेमटून कायमचा वाकडा झालेला होता. पडद्यावरच्या परक्या, गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या कोळणीचा अंगठा तसाच वाकडा होता. पंधराजणींचाही तसाच होता. ‘अगो बाय, ह्यो माजोच,’ लक्ष्मी हळू आवाजात म्हणाली, आणि आपला अंगठा पदराआड घेतला, मग पुन्हा बाहेर काढून बघितला.

‘नाव खंयचा सांगू? सासरचा की म्हायारचा?’

‘तुका व्हया ता.’

‘म्हायारचा घाल. मासो कापूक आवशीन शिकयल्यान. लक्ष्मी बाबली मालंडकर.’ ती पुन्हा टोपाकडे वळली. ‘आनी तेलाचो डबो संपत इलो, ता पण खंयतरी लिवन ठेव.’

वर जाऊन संचिताने पस्तीस नावं टाइप केली. अक्षरांच्या क्रमाने, म्हणजे मोठा-लहान प्रश्न नको. चंदन होता, सलोनी आणि तिच्या चौघी होत्या, लक्ष्मी बाबली मालंडकर होती, आणि तिच्या नावापुढे कंसात ‘कोळणींचे हात’ असं होतं. वर चार ओळी लिहिल्या, हेलेनाच्या मेलांइतक्याच कोरड्या: ही पस्तीस माणसं आहेत. अक्षर बारीक केलंत तर आमची हरकत नाही. माणसं कमी करायची असतील तर सगळीच करा, आणि स्टुडिओचं नावही काढा. मग ती बटणावर बोट ठेवून बसून राहिली. भीती खरी होती. पुढचं काम गेलं तर या पस्तिसांतल्या बहुतेकांना घरी बसावं लागेल, आणि तेव्हा नामावलीतलं नाव कुणी ताटात वाढून घेणार नव्हतं. ओंकार पणजीला जाईल, सलोनी बापाच्या ओळखीने कलेक्टर कचेरीत चिकटेल, दारांवरचे नंबर पुन्हा नुसते नंबर होतील. आपण यांच्या बाजूने उभ्या आहोत की सकाळी छातीत जे सैल झालं त्याची शरम धुऊन काढतो आहोत, तेही तिला नक्की सांगता येईना. दोन्ही असेल. चार वाजायला दहा मिनिटं असताना तिने यादी पाठवली, आणि जितेंद्रचे दोन फोन वाजू दिले.

उत्तर आलं तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. खिडकीतून येणारं ऊन तिच्या खोलीच्या, दोनशे चारच्या, भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत पोचलं होतं. नेहमीच्या चार ओळी नव्हत्या. हेलेनाने लिहिलं होतं: यादी मिळाली. पस्तीस मोजली. वीसचा नियम जागेसाठी आहे, म्हणून बारीक अक्षरांबद्दल वर विचारलं, नाही म्हणाले. मग मी त्यांना बाजारातल्या कोळणीचा अंगठा दाखवला आणि म्हटलं, हिचं नाव यादीत आहे, कुणाला काढायचं असेल त्याने स्वतः काढावं. कुणी पुढे झालं नाही. अक्षर बारीक होईल. बाराही स्टुडिओंची सगळी नावं जातील. बाकीच्यांना आता कळवते आहे. खाली थोडी जागा सोडून आणखी तीन ओळी होत्या. तुमच्याशी बहुधा हा शेवटचा मेल. मी या इमारतीतली नाही, माणसं पुरवणाऱ्या एका संस्थेकडून आले आहे, आणि कंत्राट शुक्रवारी संपतं. नावांच्या याद्या मी जमवते, त्यात मी नसते, याची आता सवय झाली आहे. शुभेच्छांसह.

संचिताने ते वाचलं आणि सकाळपासून ज्या बाईला ती शिव्या घालत होती तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. चेहरा नव्हताच, एक करडा गोल होता. उलांडीच्या वेळी तो गोल किती गप्प बसला होता ते आठवलं. गप्प बसून तिने मनिलाच्या म्हाताऱ्याला होडीकडे बघायला वेळ दिला होता, हे आत्ता, इतक्या उशिरा तिच्या ध्यानात आलं. तीन वर्षं बारा ठिकाणचे दोर एका हातात धरून ती बाई उभी होती, आणि ‘तिकडची’ म्हणून इथल्या कुणी तिला मोजलं नव्हतं. संचिताचे डोळे भरून आले. तिने ते पुसले, यादी पुन्हा उघडली, आणि सलोनीला हाक मारली.

‘हे एकदा मोठ्याने वाच. कुणी राहिलं नाही ना, बघायचंय.’

‘तुम्ही नाही बघत, ताई?’

‘नाही. तू वाच.’ तिने खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसली. पलीकडे छपरांच्या वर समुद्राची एक पट्टी दिसत होती. सलोनी एकेक नाव वाचत गेली. स्वतःचं नाव आलं तेव्हा तिचा आवाज जरा अडखळला. चंदनच्या नावाशी ती ‘अरे!’ म्हणाली. लक्ष्मीचं पूर्ण नाव तिने दोनदा वाचलं.

‘पस्तीस झाली,’ ती म्हणाली. ‘खाली एक आकडा टाकून ठेवलाय, छत्तीस. पुढे काहीच नाही. ही जागा कुणाची, ताई?’

‘हेलेनाची,’ पाठमोऱ्या संचिताने सांगितलं.